एकादशी कशाने मोडते?

॥ रामकृष्णहरि ॥

ज्येष्ठ वद्य एकादशीला योगिनी एकादशी म्हणतात. श्रीज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते, पुण्यनगरीत मुक्काम करते आणि बहुधा ह्या योगिनी एकादशीलाच दिवे घाट चढून सासवडला पोहोचते. तिथीच्या वृद्धिक्षयाने एखाद्या वर्षी दिवस मागेपुढे होतो, तरी वारकऱ्याच्या मनात दिवे घाट आणि एकादशी ह्यांची जोडी पक्की बसलेली आहे. सबंध वाटेतला हा मोठा पल्ला. तीस किलोमीटरच्या आसपास चाल, मध्ये छातीवर येणारा घाट, आणि पोटात अन्नाचा कण नाही. तरी टाळ थांबत नाही, पाय थांबत नाहीत. ज्याने हा दिवस एकदा चालून पाहिला त्याला एकादशी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी ह्याच घाटात आमच्या दिंडीतील एक माउली चालता चालता मटकन खाली बसल्या. वय ६८. डोक्यावर तुळशीवृंदावन होते, ते शेजारणीने कसेबसे सावरले. बाईंना दरदरून घाम सुटलेला, हात थरथरताहेत, विचारावे एक आणि उत्तर भलतेच. बरोबर औषधाची पेटी घेऊन चालणारे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी बोटाला सुई टोचून रक्तातली साखर पाहिली आणि तिथल्या तिथे साखरेचे पाणी पाजले. मग राजगिऱ्याचा लाडू खायला लावला. दहा-पंधरा मिनिटांनी माउली भानावर आल्या. मधुमेहाची गोळी त्यांनी पहाटे घोटभर पाण्याबरोबर नेमाने घेतली होती, आणि त्यानंतर निर्जळी. गोळीने आपले काम केले, पण पोटात काही नव्हते. साखर उतरत गेली आणि घाटात पाय गेले.

रात्री सासवडच्या तळावर कीर्तन आटोपल्यावर त्या आमच्यापाशी आल्या. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "महाराज, चाळीस वर्षांची माझी एकादशी. लेकरं झाली, सासू गेली, मालक गेले, पण खंड पडू दिला नाही. आज मोडली का हो माझी एकादशी?"

आम्ही म्हणालो, "नाही मोडली, माउली. मनाला लावून घेऊ नका." पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही हे दिसत होते, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. चाळीस वर्षे जिने व्रत सांभाळले तिला तोंडदेखले उत्तर देऊन भागत नाही. एकादशी कशाने मोडते आणि कशाने मोडत नाही, ह्याचा नीट विचार करून मग सांगितले पाहिजे. वारीहून परतल्यावर आम्ही ग्रंथ उघडले, फडावरच्या जाणत्यांना विचारले, डॉक्टरांशीही बोललो. त्यातून जे हाती लागले तेच आजच्या पाठात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

उपवास ह्या शब्दाचा अर्थ

आपण बोलताना 'उपास' म्हणतो, ग्रंथात 'उपवास' म्हणतात. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. जवळ राहणे तो उपवास. कोणाच्या जवळ? तर ज्याचे व्रत त्याच्या जवळ. म्हणूनच एकादशीला 'हरिवासर', म्हणजे हरीचा दिवस, असे दुसरे नाव आहे. पंधरा दिवसांतले चौदा दिवस प्रपंचाचे, एक दिवस हरीचा. शब्दात कोठेही 'उपाशी' हा भाव मुळात नाही. तो मागाहून आला, आणि तोही का आला हे समजण्यासारखे आहे. लेकीच्या घरी लग्न असले म्हणजे आईला जेवणाची आठवण राहते का हो? धावपळ, पाहुणे, अक्षता ह्यांत दिवस कसा गेला हे कळत नाही. तसे हरीच्या जवळ बसलेल्याला भुकेची आठवण राहू नये, स्वयंपाक, भांडी, जेवणावळ ह्यांतून दिवस मोकळा व्हावा, ह्यासाठी अन्न बाजूला ठेवले. अन्न टाकणे हे कुंपण आहे. पीक आत आहे, आणि ते पीक म्हणजे नामस्मरण, हरिपाठ, कीर्तन, रात्रीचा जागर.

कुंपण नको असे आम्ही म्हणत नाही. कुंपण नसले तर गुरे पीक खातात. पण कुंपण भक्कम घातले आणि आत पेरलेच नाही, तर सुगीला घरी काय यायचे?

व्रताचा क्रम

वर्षात चोवीस एकादश्या येतात. अधिक महिना आला की सव्वीस. चैत्र शुद्ध कामदेपासून फाल्गुन वद्य पापमोचनीपर्यंत प्रत्येकीला नाव आहे. त्यांतल्या आषाढ शुद्ध शयनी आणि कार्तिक शुद्ध प्रबोधिनी ह्या पंढरीच्या दोन मोठ्या वाऱ्यांच्या. माघ शुद्ध आणि चैत्र शुद्ध ह्याही वारीच्याच. कार्तिक वद्य एकादशी आळंदीची. माउलींनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीस समाधी घेतली; त्या सोहळ्याचा तो दिवस.

व्रत एका दिवसाचे दिसले तरी ते तीन दिवसांत पसरलेले आहे. दशमीला एकदाच जेवायचे. एकादशीला उपवास आणि जागर. द्वादशीला वेळेत पारणे. दशमीच्या रात्री पोटाला तडस लागेपर्यंत जेवून दुसऱ्या दिवशी उपवास करणारा आणि द्वादशीचे पारणे चुकवणारा, दोघेही अर्धेच व्रत करतात.

पंचांगात कधी कधी लागोपाठ दोन दिवस एकादशी लिहिलेली असते, एक स्मार्त आणि एक भागवत. पुष्कळांचा येथे घोटाळा होतो. सूर्योदयापूर्वीच्या चार घटकांना, म्हणजे सुमारे ९६ मिनिटांना, अरुणोदय म्हणतात. त्या वेळी दशमीचा अंश शिल्लक असेल तर वैष्णव ती एकादशी धरीत नाहीत, दुसरा दिवस धरतात. वारकरी संप्रदाय भागवत एकादशी पाळतो. शेजारच्या घरी काल उपास झाला आणि आपल्याकडे आज आहे, म्हणून वाद घालू नये. तिथी दोन्हींकडे शास्त्राच्या आधारानेच धरलेली असते.

शास्त्राने किती मोकळीक ठेवली आहे

आता त्या माउलींच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या पंढरपुरातच काशीनाथशास्त्री उपाध्ये, लोक ज्यांना बाबा पाध्ये म्हणत, ह्यांनी इसवी सन १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' नावाचा ग्रंथ लिहिला. व्रतवैकल्यांचा निर्णय करताना आजही तो पाहिला जातो. पंढरीच्या शास्त्र्याचा ग्रंथ म्हणजे काही सैल सोडणाऱ्याचा नव्हे. तरी त्यात आणि तशाच इतर निबंधग्रंथांत एकादशीचे जे नियम येतात ते वाचून आम्हांला आश्चर्य वाटले.

पहिली गोष्ट वयाची. एकादशीचा नित्य उपवास वयाची आठ वर्षे पुरी झाल्यावर आणि ऐंशी वर्षे पुरी होण्याच्या आत सांगितला आहे. त्याच्या अलीकडच्या लेकरावर आणि पलीकडच्या म्हाताऱ्यावर त्याचे बंधनच नाही. आपल्याकडे ८५ वर्षांची आजी 'मला अजून झेपते' म्हणून निर्जळी करते आणि घरातले कौतुक करतात. श्रद्धेचे कौतुक जरूर करावे, पण शास्त्राने त्या आजीला केव्हाच मोकळे केले आहे हेही तिला प्रेमाने सांगावे.

दुसरी गोष्ट अशक्तांची. ज्याला निराहार झेपत नाही त्याने दूध घ्यावे, फळे घ्यावीत, कंदमूळ घ्यावे, हविष्यान्न घ्यावे, किंवा दिवसभर राहून रात्री एकदा खावे. जसे बळ तसा आहार, अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्याहीपुढे प्रतिनिधीची सोय आहे. आजाऱ्याच्या वतीने मुलाने, पत्नीने, पतीने, भावाने उपवास केला तर चालतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी शास्त्राने मोजून ठेवल्या आहेत. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, तूप, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. आठवे नाव औषधाचे आहे, वाचकहो! ह्या यादीत पाणीही आहे आणि औषधही आहे. घाटात त्या माउलींच्या तोंडी गेले ते साखरेचे पाणी त्या घटकेला औषधच होते.

ज्येष्ठ शुद्ध एकादशीला निर्जला किंवा भीमाची एकादशी म्हणतात, तिची कथाही हेच सांगते. पांडवांत भीमसेनाच्या पोटात सदा अग्नी. त्याला दर पंधरवड्याचा उपवास जमेना. त्याने व्यासांना विचारले तेव्हा व्यासांनी त्याला हाकलून दिले नाही. वर्षातून एक निर्जळी कर, त्यात सगळ्या आल्या, असे सांगितले. ज्याचे पोट जसे त्याला तशी वाट. आता गंमत पाहा, भीमाची भूक पाहून ऋषींनी सवलत दिली, आणि आम्ही त्या सवलतीचाच कडक नियम करून सगळ्या वर्षाला लावला!

अंबरीषाचे पारणे

भागवताच्या नवव्या स्कंधात राजा अंबरीषाची कथा आहे. कीर्तनात ती पुष्कळांनी ऐकली असेल. पण आपल्या प्रश्नासाठी ती पुन्हा पाहण्याजोगी आहे. अंबरीषाने वर्षभर हे व्रत केले आणि शेवटी कार्तिकात तीन दिवस उपवास करून यमुनाकाठी मधुवनात हरीची पूजा केली. दानधर्म झाला, ब्राह्मणभोजन झाले, पारण्याला बसणार तोच दुर्वास ऋषी आले. राजाने जेवणाचे निमंत्रण दिले. ऋषी स्नानाला नदीवर गेले आणि तिकडेच ध्यानात रमले. इकडे द्वादशी संपायला अर्धा मुहूर्त उरला. पारणे न करावे तर व्रत अपुरे राहते. पारणे करावे तर दारी आलेल्या अतिथीच्या आधी जेवल्याचा दोष लागतो. राजाने जाणत्यांना विचारले आणि फक्त पाणी घेतले. पाणी घेणे म्हणजे खाल्ल्यासारखेही आहे आणि न खाल्ल्यासारखेही, असा निर्णय झाला.

दुर्वास परत आले आणि खवळले. जटा उपटून कृत्या निर्माण केली. सुदर्शनाने ती जाळली आणि ऋषींचाच पाठलाग सुरू केला. ब्रह्मदेवाने नाही म्हटले, शंकरांनी नाही म्हटले, विष्णूंनी सांगितले की मी भक्ताच्या अधीन आहे, त्याच्याकडेच जा. शेवटी दुर्वास अंबरीषापाशी आले. राजाने सुदर्शनाची प्रार्थना करून त्यांना सोडवले. आणि इतके दिवस राजा काय करीत होता? ऋषी येईपर्यंत सबंध वर्ष तो केवळ पाण्यावर राहिला होता. आधी ऋषींना जेवू घातले, मग स्वतः जेवला.

ह्या कथेत दोघे तपस्वी आहेत. दुर्वासांचे तप थोडे नव्हते. पण एका घोट पाण्यावरून त्यांना राग आला आणि तपाचे बळ दुसऱ्याला जाळायला निघाले. अंबरीषाने पाणी घेतले, आणि मनात ना आकस ना अभिमान. देवाचे चक्र कोणाच्या बाजूने उभे राहिले हे सांगायला नको. एकादशीच्या दिवशी दुसऱ्याच्या ताटात डोकावून 'अरे, ह्याने कोथिंबीर खाल्ली, त्याने जिरे खाल्ले' असे म्हणताना आपण ह्या दोघांतले कोण होतो, हे प्रत्येकाने पाहावे.

फराळाची गोष्ट

कोथिंबिरीचे नाव निघाले म्हणून सांगतो. कोणाकडे वरी चालते, कोणाकडे नाही. कोणाकडे भेंडी चालते, कोणाकडे हळदही नाही. ही घराघरांची वहिवाट आहे. ती पाळावी, पण तिला वेदवाक्य करू नये. कारण एकच उदाहरण घ्या. आपल्याकडे एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी असे समीकरण झाले आहे. हा साबुदाणा कंदाच्या पिठीपासून होतो. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि भारतात पोर्तुगीजांबरोबर आला. आपल्या बाजारात येणारा साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतील सेलमकडचा. तो धंदा विसाव्या शतकात वाढला. शेंगदाणा, बटाटा, मिरची, रताळे हीही पिके अमेरिका खंडातून आलेली. म्हणजे तूप, जिरे, मीठ, साखर सोडले तर आजच्या खिचडीतला एकही मुख्य जिन्नस माउलींच्या काळी ह्या देशात नव्हता! तरी त्यांच्या काळी एकादशी होतीच, आणि आजच्यापेक्षा उणी नव्हती. जिन्नस बदलले, हरिवासर राहिला. ह्यावरून त्यातले टिकाऊ काय ते ओळखावे.

खिचडी वाईट असे नाही. पण तिचे खरे रूप जाणून खावे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि जवळजवळ सगळा पिष्टाचा भाग. प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नाहीत. वर तेल-तूप, बटाटा, साखर. सकाळी खिचडी, दुपारी वडे, चारला वेफर, रात्री शिंगाड्याचा शिरा, असे झाले म्हणजे रोजच्या भाकरी-कालवणापेक्षा दुप्पट खाणे होते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच पडली नाही. पोट जड झाले की डोळे मिटतात, आणि जागराच्या वेळी टाळाऐवजी घोरण्याचा आवाज येतो. त्यापेक्षा थोडे दूध-फळ, एखादा राजगिऱ्याचा लाडू, उकडलेले रताळे ह्यांवर दिवस हलका जातो.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील एका गावी हरिनाम सप्ताहात एकादशीच्या फराळातून शेकडो माणसांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा पुरेना, लोकांना रस्त्यावर निजवून सलाइन लावावी लागली. भगरीच्या फराळातून असे प्रकार इतरत्रही घडले आहेत. भगर आणि विशेषतः तिचे दळलेले पीठ दमट हवेत लवकर बुरसते. म्हणून सुटे, जुने पीठ घेऊ नये. भगर पाकीटबंद घ्यावी, निवडून धुऊन घ्यावी, पीठ हवे तर लागेल तेवढेच घरी दळावे. सप्ताहात शेकडो पानांचा फराळ करताना शिजवलेले तासन्‌तास झाकून ठेवू नये. प्रसाद देणे ही सेवा आहे, आणि प्रसाद खाऊन माणूस सुखरूप घरी जाणे हा त्या सेवेचाच भाग आहे.

घरातल्या माउलीची एकादशी

आता थोडे कडू बोलतो, वाचकांनी राग मानू नये. घरात बापाचा, सासूचा, थोरल्या मुलाचा उपास असतो. धाकट्यांचा नसतो. मग घरातली सून काय करते? एका शेगडीवर वरण-भात, पोळी-भाजी. दुसरीवर खिचडी, भगर, दाण्याची आमटी. तिचाही उपास असतो. सगळ्यांचे आटोपून, ओटा पुसून ती बसते तेव्हा तीन वाजलेले असतात. संध्याकाळी पुन्हा तेच. रात्री मंदिरात कीर्तनाला मंडळी गेली की ती द्वादशीच्या पारण्याची तयारी करते, कारण पारणे सकाळी लवकर. सांगा बरे, त्या दिवशी हरीच्या जवळ कोण राहिले? इतर दिवसांपेक्षा तिच्या वाट्याला चुलीचाच सहवास अधिक आला.

जनाबाईंनी दळण-कांडण करता करता देव जवळ केला, हे खरे. पण ते सांगून आपण आपल्या अंगावरचे काम तिच्या अंगावर टाकू नये. उपवासात अन्न बाजूला ठेवले ते वेळ मोकळा व्हावा म्हणून. तो मोकळा वेळ घरातल्या सगळ्यांना मिळाला पाहिजे. ह्यास्तव आमची विनंती अशी, की एकादशीला फराळाचा एकच पदार्थ करावा. लेकरांसाठी आदल्या दिवशीची तजवीज साधी ठेवावी. उपास करणाऱ्या पुरुषाने आपले भांडे आपण घासावे. आणि कीर्तनाला निघताना घरातल्या माउलीला आधी बाहेर काढावे, मग आपली टोपी घालावी.

दुखणाइतांनी काय करावे

ज्यांना औषधे चालू आहेत त्यांच्यासाठी, डॉक्टरांना विचारून, चार गोष्टी सांगतो.

एक, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन ही पोटात अन्न गेले नाही तरी साखर खाली आणीतच राहतात. म्हणून गोळी तशीच घेऊन उपाशी राहणे धोक्याचे. आणि उपास आहे म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करणे हेही धोक्याचेच. दशमीच्या आधी डॉक्टरकडे जावे आणि सरळ सांगावे, 'मी माळकरी आहे, माझी एकादशी असते, कसे करू?' ते वेळ आणि मात्रा बदलून देतील, किंवा उपास नकोच म्हणतील. म्हणाले तर ऐकावे.

दोन, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात विसंगती ही साखर उतरल्याची खूण आहे. त्या वेळी विचार करीत बसू नये. माणूस गिळू शकत असेल तर साखर किंवा गूळ घातलेले पाणी ताबडतोब द्यावे आणि मग काही खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. वारीत प्रत्येक दिंडीच्या वीणेकऱ्याजवळ साखरेची पुडी असावी.

तीन, साखर असलेल्याने साबुदाणा, बटाटा, रताळे ह्यांवर भर देऊ नये. त्यांनी साखर झपाट्याने चढते.

चार, गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या माउल्या, मूत्रपिंडाचे व हृदयाचे रोगी, नुकती शस्त्रक्रिया झालेले, ह्यांनी निराहार आणि निर्जळीचा आग्रह सोडावा. उन्हाळ्यात वारी चालणाऱ्या धडधाकटानेसुद्धा पाणी सोडू नये. शास्त्राच्या त्या यादीत पहिले नाव पाण्याचेच आहे.

कोणी म्हणेल, 'अशा सवलती सांगत गेलात तर उद्या एकादशी कोण करील?' शंका रास्त आहे. आळसाला सवलत नाही. अंगात बळ आहे, दुखणे नाही, नुसता कंटाळा आला म्हणून जो मोडतो त्याने ह्या पाठाचा आधार घेऊ नये. ज्याला झेपते त्याने निष्ठेने करावे. तो उपवास शरीरालाही वळण लावतो आणि मनालाही. सवलत आहे ती ज्याचे मन तयार आहे पण देह साथ देत नाही त्याला. आणि असा माणूस सवलतीचा गैरवापर करीत नाही हा आमचा अनुभव आहे. उलट त्याला ती घ्यायला लावताना आपली दमछाक होते.

मग मोडते कशाने?

आता उत्तर सोपे झाले. औषधाने एकादशी मोडत नाही. तहानेल्या जिवाला मिळालेल्या पाण्याने मोडत नाही. दुखणाइताच्या दूधभाताने हरी दूर जात नाही. नाथमहाराजांनी काशीहून आणलेली गंगेची कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, असे परंपरा सांगते. तेव्हा त्यांचे रामेश्वर चुकले असे आजवर एकाही संताने म्हटले नाही. तहानलेल्या प्राण्यात ज्यांनी देव पाहिला त्यांच्या संप्रदायात आपल्याच तहानेल्या देहाला पाणी देणे हे पाप कसे ठरेल? हा देहही त्याचाच आहे.

मोडते ती दिवसभर चहाड्या करून. मोडते ती दुसऱ्याच्या ताटाची मोजदाद करून. 'आमची निर्जळी असते' हे चारचौघांत चारदा सांगितले की मोडते. दारचा भुकेला 'आज आमची एकादशी, काही नाही' म्हणून परत पाठवला की मोडते. आपण उपाशी राहायचे, भुकेल्याला उपाशी ठेवायचे नाही. पत्त्यांत किंवा मोबाइलच्या पडद्यात जागर काढला की मोडते. अन्न सोडले आणि नामही सोडले, म्हणजे उरली ती नुसती भूक.

म्हणून ज्याला वैद्याने उपास बंद केला त्याने असा नेम धरावा. सकाळी स्नान करून तुळशीला पाणी घालताना म्हणावे, 'देवा, पोटाची एकादशी माझ्याने होत नाही, जिभेची आणि कानांची करतो.' त्या दिवशी हरिपाठ चुकवायचा नाही. कोणाची निंदा करायची नाही, ऐकायचीही नाही. जमेल तितके कीर्तन ऐकायचे. आणि द्वादशीला आपल्या डब्यातले ओंजळभर धान्य बाजूला काढून एखाद्या गरजूला द्यायचे. ही एकादशी काही सोपी नव्हे. करून पाहा, साबुदाणा सोडणे परवडले, निंदा सोडणे कठीण, असे लक्षात येईल.

हे सगळे आम्ही पुढच्या वर्षी आळंदीतच, प्रस्थानाच्या आदल्या दिवशी, त्या माउलींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग विचारले, "ग्रंथात आहे हे? पंढरपूरच्या शास्त्रीबुवांच्या?" आम्ही म्हणालो, "आहे." त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग चाळीस वर्षांत मला कोणी सांगितलं कसं नाही हो?"

ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही कीर्तने केली, प्रवचने केली, एकादशीचे माहात्म्य घसा फोडून सांगितले; पण तिच्यातली दया सांगायची राहून गेली. तो दोष त्यांचा नव्हे, आम्हां सांगणाऱ्यांचा.

त्या वर्षी योगिनी एकादशीला दिवे घाटाच्या पायथ्याशी त्यांनी वृंदावन खाली ठेवले, डॉक्टरांनी सांगितले होते तसा पदराच्या गाठीतला राजगिऱ्याचा लाडू सोडला, देवाला दाखवला आणि खाल्ला. वर पाणी प्याल्या. मग वृंदावन पुन्हा डोक्यावर घेऊन घाट चढून गेल्या. सासवडला रात्री कीर्तनात शेवटपर्यंत त्या ताठ बसून होत्या, टाळी थांबली नाही. त्यांची एकादशी मोडली की झाली, हे वाचकांनीच सांगावे.

आपल्या घरी, आपल्या भजनी मंडळात अशी एखादी म्हातारी माउली असेल, गोळ्या घेत असेल आणि निर्जळी करीत असेल. येत्या दशमीच्या आत तिच्याजवळ बसा आणि हा पाठ तिला वाचून दाखवा. तिच्या जवळ बसणे हाही एक उपवासच आहे.

॥ रामकृष्णहरि ॥